उलट्या मुरडीचे कानवले

पूर्वजांची थडगी साफ करायचा सण, छिंगमिंग, तोंडावर आला की आमच्या टेकडीवर पाऊस लागतोच. धो धो नाही. सदऱ्याच्या आत शिरणारा, दोरखंड भिजवून जड करणारा, माणसाचा स्वभाव बिघडवणारा. असल्या पावसात आलिननं बापाच्या थडग्यासाठी दगड आणला.

आलिन म्हणजे आमचा शेजारी, लाय क्वांगलिन. त्याचे वडील फूशंगकाका जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती आणि 'पुढच्या छिंगमिंगला दगड बसवतो' हे आलिनचं वाक्य त्याहून जेमतेम वर्षभरानं लहान होतं. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी संत्र्यांवर रोग, कधी बायकोचं बाळंतपण, कधी नुसताच आळस. शेवटी यंदा त्याच्या आईनं, मैचूकाकूनं, सुनेच्या देखत त्याला विचारलं, "मी मेल्यावरच बसवायचा आसंल तर तसं सांग. मी आजच मरते, म्हंजे तुजं काम मार्गी लागंल." तेव्हा कुठे तो तालुक्याला जाऊन दगड घेऊन आला.

दगड छान होता. काळा, घोटून गुळगुळीत केलेला. काकांचं नाव सोनेरी आणि त्याच्या शेजारी काकूचं नाव लाल. जोडीतलं जे जिवंत असेल त्याचं नाव लाल रंगवायचं आणि ते गेलं की रंग बदलायचा. अंगणात ट्रॅक्टरमधून दगड उतरवला तेव्हा माझी पाठ मोडायची बाकी होती, पण माझ्या पाठीकडे कोण बघतो! काकू बाहीनं स्वतःच्या नावावरचं पाणी पुसत होती.

"लीचुन, माजं नाव जरा बारीक काडलंय का गं?"

"न्हाई वो आत्याबाई, सारखंच हाय," सून म्हणाली.

"आसू दे, आसू दे. त्यानं आयुष्यभर मला आर्धीच जागा दिली खाटंवर. हितं तरी निम्म्यानं मिळाली."

म्हणजे काकू खूश होती. तिला नवऱ्याचं नाव चांगलं घ्यायची सवय नव्हती, पण हात मात्र त्या दोन नावांवरून फिरत होता. पंचांग बघणाऱ्यानं सणाच्या दिवशी सकाळचा मुहूर्त काढून दिला होता. त्याआधी गवत काढून पाया घ्यायचा म्हणून आम्ही चौघं, काकू, आलिन, लीचुन आणि मी, विळे आणि कुदळी घेऊन टेकडीवर निघालो. मला कुणी विचारलं नव्हतं. शेजारी असणं हाच आमच्याकडे होकार असतो.

वर कापराच्या मोठ्या झाडाखाली थडगं. थडगं म्हणजे काय, घोड्याच्या नालेसारखा मातीचा बांध, मध्ये एक रांजण, पुढे उभी फरशी. आमच्याकडे माणूस आधी मातीत जातो. काही वर्षांनी त्याची हाडं वेचायची, पुसायची आणि रांजणात बसवायची, पाय खाली, डोकं वर, जसा माणूस शेकोटीशी उकिडवा बसतो तसा. पूर्वी हे रांजण पलीकडच्या टेकडीवर होते. तिच्या पोटातून रस्ता गेला तेव्हा अख्ख्या गावाचे पूर्वज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून इकडे आले. त्यातल्या पुष्कळांचा तो पहिलाच वाहनप्रवास.

आम्ही पोचलो आणि काकू एकदम थांबली.

थडगं साफ झालेलं होतं. गवत मुळापासून कापलेलं. बांधाची माती थापून नीट केलेली. माथ्यावर कोंबड्याच्या रक्ताचे शिंतोडे उडवलेले पांढरे कागद आणि ते उडू नयेत म्हणून वर दगड. पुढे एक पेला, कलिंगडाच्या भाजलेल्या बियांचा ढीग आणि पानावर ठेवलेले तीन हिरवे कानवले.

"आरं वा," आलिन म्हणाला. "कुनीतरी आपलं काम केलं की!" आणि त्यानं कुदळ खाली टाकली. काम वाचलं की आलिनचा चेहरा फार सुंदर दिसतो.

काकूनं पेला उचलून नाकाशी नेला.

"दारू हाय."

"मंग?"

"मंग काय, मुडद्या? तुज्या बापाला एक घोट दारूनं आंगभर गांधी उटायच्या. लग्नात म्हातारीनं बळंबळं पाजली, तर पयल्या रातीला त्यो नुसता खाजवत बसला व्हता. मी दर वर्साला चा आनते त्याला. दारू कुनी आनली?"

"भावकीतलं कुनी आलं आसंल."

"भावकी! आपली भावकी सोताच्या बापाचं गवत कापत न्हाई, ती दुसऱ्याच्या बापाला कोंबडा कापनार?"

ती माझीच भावकी असल्यामुळे मी झाडाकडे बघत राहिलो. काकूनं एक कानवला उचलला, चावा घेतला आणि चावत राहिली. आमच्या सगळ्यांच्या नजरा तिच्या जबड्यावर.

"गोड," ती म्हणाली. "तीळसाखर. त्यो गोडाला शिवत न्हवता. बांबूचं कोंब आनि खारं डुकर लागायचं त्याला." आणखी एक चावा. "पीठ मातूर चांगलं तिंबलंय. दवना बी कवळा घेतलाय." मग तिनं उरलेला कानवला डोळ्यांजवळ धरला आणि तिचे डोळे बारीक झाले. "ही मुरड बगा."

आम्ही बघितली. आम्हाला नुसती मुरड दिसली.

"उलटी हाय. आपन घालतो ती मुरड हिकडनं तिकडं जाती. ही तिकडनं हिकडं आलीया. डावरी हाय ती."

"कोन डावरी?" आलिननं विचारलं.

"ती," काकू म्हणाली. "जी कोन आसंल ती."

आता लीचुननं तोंडावर हात ठेवला आणि मला खोकला आला. नवरा जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईला सवत भेटलेली मी तरी पहिल्यांदाच बघत होतो. पण काकू हसत नव्हती. तिनं अर्धा कानवला परत पानावर ठेवला, तोंड पुसलं आणि पोराला सांगितलं, "दगडावरचं माजं नाव खरडून टाक. मी त्येच्या शेजारी येनार न्हाई. मला वडाखाली, नदीकाठाला, कुटंबी टाका. हितं तिघांना जागा न्हाई."

"आई, मुहूर्त काडलाय! दगड कोरलाय! आता लाल आक्षर काडायला पुना तालुक्याला न्हेऊ का?"

"न्हे. न्हाईतर ती कोन हाय ते सनापातुर हुडकून दे. मला कळू दे, चाळीस वर्सं मी कुनासंगं संसार केला."

आणि ती एकटीच टेकडी उतरून गेली. विळा तसाच कमरेला.

दुसऱ्या दिवसापासून काकूनं गावाची झडती सुरू केली. ते दिवस आमच्याकडे कामाचे. संत्र्याच्या प्रत्येक झाडाभोवती चर खणून खत पुरायचं असतं, फवारे मारायचे असतात आणि त्यातून बायकांना दवणा खुडून, उकडून, तांदळाच्या पिठात कुटून कानवले करायचे असतात. सणाला एकमेकींच्या घरी कानवल्यांची देवाणघेवाण चालतेच. काकूनं त्याचाच फायदा घेतला. सकाळी लीचुनसोबत चर खणायचा, दुपारी पाटीत आपले कानवले भरायचे, घरोघरी जायचं, चार द्यायचे, चार घ्यायचे आणि मुरड तपासायची.

आमच्या घरीही आली. माझ्या बायकोनं मोठ्या हौसेनं ताटली पुढे केली. काकूनं एक कानवला उजेडाकडे धरला, फिरवला, परत ठेवला.

"मुरड सरळ हाय," ती म्हणाली. "पन ढिली. वाफंवर उगडत आसतील तुजे."

"काकू, तुम्हाला कानवला खायाचाय का पोलिसात द्यायचाय?" माझी बायको म्हणाली.

त्यानंतर माझ्या बायकोनं जे तोंड फुगवलं ते सण होऊन गेला तरी उतरलं नव्हतं, आणि ती वाफ माझ्यावर निघत होती.

बातमी काय झाकून राहते? संध्याकाळपर्यंत गावभर झालं की फूशंगची कुणी डावरी बाई होती आणि मैचू तिला हुडकते आहे. पुरुषांना मौज वाटली. मेलेला माणूस त्यांच्या नजरेत एकदम चढला. "आनि आपल्याला वाटायचं त्यो नुसता म्हशी राखतो!" पण बायकांची पंचाईत झाली. काकू समोरून येताना दिसली की त्या डाव्या हातातली बादली उजव्या हातात घ्यायच्या. डाव्या हातानं डोकं खाजवणंसुद्धा बंद झालं.

गावात खरी डावरी बाई एकच, टोफूवाली श्यू. ती विधवा होती, ठसठशीत होती आणि पहाटेपासून वाफेत राहून तिची कातडी तिच्या टोफूसारखीच गोरी राहिलेली. काकूनं तिला शेवटासाठी राखून ठेवलं होतं. मी टोफू आणायला गेलो होतो, म्हणजे खरं तर काकू तिकडे वळलेली दिसली म्हणून मला टोफूची आठवण झाली होती.

श्यू डाव्या हातातल्या सुरीनं टोफूचे चौकोन पाडत होती. काकू तो हात बघत उभी राहिली.

"लई सफाई हाय हाताला," काकू म्हणाली.

"जन्माचा धंदा हाय."

"कानवल्याला बी आसंच हात चालतुया व्हय?"

श्यूनं सुरी ठेवली. तिच्या कानावर आलेलं होतंच.

"मैचू, सरळ इचार. आडून नगो."

"इचारते. माजा नवरा तुज्याकडं येत व्हता?"

"येत व्हता की. रोज सकाळी. आनि टोफूचा एक चौकोन घ्यायला येवडी घासाघीस करायचा, की माजं सोयाचं दूध नासायचं. एकदा तर म्हनला, कोपरा तुटलाय, पैसं कमी कर. त्येच्या थडग्यावर मी गवत लावीन बाई, कापायची न्हाई!"

"कानवले दाखव."

श्यूनं फळीवरून एक पिशवी काढून आपटली. तालुक्याच्या बाजारातले, साच्यात दाबलेले, सगळे एका तोंडाचे. "मला कुटं येळ हाय मुरडी घालत बसायला?"

काकू त्या पिशवीकडे बघत राहिली. खरं म्हणजे तिनं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण तिच्या कपाळावर आठी आली.

"का गं," ती म्हणाली, "त्येच्यात वाईट काय व्हतं?"

"आँ?"

"गवत लावीन म्हनं! येवडा काय टाकाऊ व्हता का त्यो? दिसायला बरा व्हता. कष्टाळू व्हता. म्हशीनं मान उडवून म्होरचं दोन दात पाडलं, त्याच्या आदी तर फार चांगला दिसायचा."

श्यू माझ्याकडे बघायला लागली. मी टोफूकडे. कोणत्या बाजूनं बोललं तर मार बसणार नाही याचा मी विचार करत होतो, तोवर काकू पाटी उचलून चालती झाली.

सणाच्या आदल्या संध्याकाळी लीचुननं मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी दगड न्यायचा का नाही, काहीच ठरत नव्हतं आणि आलिन कोपऱ्यात बसून बांबू तासत होता, उगाचच. काकू चुलीपुढे. दिवसभर घरोघरचे कानवले खाऊन तिचं पोट बिघडलं होतं, त्यामुळे हातात आल्याचं गरम पाणी.

"आत्याबाई," लीचुन म्हणाली, "मेलेल्या मानसाला आता काय दुसरी आन तिसरी?"

"मेल्यावरच तर मोकळा आसतो मानूस."

"तसं न्हवं..."

"तुला न्हाई कळायचं लीचुन." काकूनं पेला खाली ठेवला. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "त्यो जित्ता आसताना मी त्याच्याशी धड बोलले न्हाई. कामच येवडं व्हतं. बोलले ती भांडले. पन रस्ता झाल्यापासनं, त्यो तितं कापराखाली गेल्यापासनं, मी दर वर्साला जाते आन समदं सांगते. तुजं बाळंतपन. आलिननं कर्ज काडलं ते. माजा गुडगा. लाज वाटंल आसं बी सांगितलंय. म्हनलं, एक तरी मानूस हाय जगात, ज्येला समदं ठावं हाय. आनि मला आता वाटतंय, मी पाट फिरवली की त्यो दुसरीचं ऐकत बसत व्हता. तिची दारू पीत. आंगावर गांधी घिऊन."

आलिनचा कोयता थांबला. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. दोन दिवस मी या बाईला हसत होतो.

काकूनं नाक शिंकरलं. "उद्या न्या दगड वर. ती सनाच्या दिवशी येनारच. मी तिला बगनार, आन मंगच काय ते ठरवनार. नाव खरडायचं झालं तर तितंच खरडू. टाकी घिऊन ये रं आगुई."

आगुई म्हणजे मी. टाकी, हातोडा आणि खांदा, सगळं माझंच.

सणाच्या सकाळी चौघांनी दगड उचलला. दोन बांबू, भिजलेले दोर, पायाखाली लाल चिखल. पुढे आलिन आणि त्याचा मेहुणा, मागे मी आणि गावचा एक पैलवान, जो पैलवान असल्याचं त्या दिवशी कुठेच दिसलं नाही. चढावर दगडाचा सगळा भार मागच्यांवर येतो, हे मला अर्ध्या वाटेत समजलं. खांद्याची सालं निघाली. लीचुन छत्री, कोंबडा आणि सिमेंटची पाटी सांभाळत मागून येत होती. काकू केव्हाच पुढे गेली होती, हातात कुदळ घेऊन. कुदळ कशासाठी, असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

कापराचं झाड दिसलं तोच वरून काकूचा आवाज आला.

"उटा! उटा आदी तितनं!"

थडग्यापुढे एक म्हातारा बसलेला. गुडघ्याला प्लॅस्टिक बांधलेलं, डोक्यावर शहरी टोपी, आणि डाव्या हातात दारूचा पेला. तो दचकला आणि दारू सांडली.

"कोन तुमी?" तो म्हणाला.

"मी कोन? मी या थडग्याची मालकीन! तुमी कोन?"

मी ओळखलं. खालच्या वाडीतला चुंग यीथाय. पोरगा शहरात कारखान्यात, त्याच्याकडे हा नातवंडं सांभाळायला गेला आणि तिकडेच अडकला. कित्येक वर्षांनी यंदा परत आला होता.

"माजी बायको हाय हितं," चुंग म्हणाला.

"तुमची बायको?" काकूच्या हातातली कुदळ खाली आली. मग परत वर गेली. "माज्या नवऱ्याच्या थडग्यात तुमची बायको काय करतीया?"

एवढं ऐकून पैलवानाला हसू आलं आणि दगड एका बाजूला कलला. "आरं ठेवायचा कुटं ते सांगा!" मी ओरडलो. कुणी लक्ष दिलं नाही, तेव्हा आम्ही तो तिथेच चिखलात टेकवला.

"आई, बाई न्हवं ती, बाप्या हाय," आलिन धापा टाकत म्हणाला, जणू कुणाला दिसत नव्हतं. "डावरा बाप्या."

"कानवले तुमी केले?" काकूनं विचारलं.

"मीच. तिला तीळसाखरंचं आवडायचं. मुरड मला नीट जमत न्हाई." म्हातारा ओशाळला. "आनि बाळंतपनात पाजलेली तांदळाची दारू तिला पुडं बी गोड लागायची. तुमी आदी कुदळ खाली ठेवा न्हवं."

काकूनं कुदळ ठेवली. म्हाताऱ्यानं सांगितलं ते असं. रस्ता झाला तेव्हा तो शहरात होता. रांजण हलवायचं काम त्याच्या पुतण्यानं, आपावनं केलं. 'कापराच्या झाडाखाली ठेवलाय, दर छिंगमिंगला मी सोता साफ करतो काका,' असं आपाव दर वर्षी फोनवर सांगायचा. परवा म्हातारा वर आला तर झाडाजवळ दोन थडगी. एक वर, नीट राखलेलं. बांध बांधलेला, गवत असं यंदाचंच वाढलेलं. दुसरं दहा पावलं खाली, काटेरी झुडपात बुडालेलं. पुतण्या दर वर्षी साफ करतो म्हणजे वरचंच आपलं, असं त्यानं धरलं.

"आपाव?" काकू म्हणाली. "त्यो सोताचं आंगन झाडत न्हाई! हे मी राखलंय. या हातानं. गुडगा सुजला तरी."

आलिननं तिथूनच आपावला फोन लावला. आपाव आधी म्हणाला, व्वा, दर वर्षी जातो की. मग चुंगनं फोन घेतला आणि खालच्या वाडीत वापरतात त्या दोन शिव्या दिल्या. मग आपाव म्हणाला, ज्याच्यावर गवत आहे तो आपला.

"झालं तर!" काकू म्हणाली. "तुमचं खालचं. हे माजं."

ती एवढी हलकी झाली की हसलीसुद्धा. सवत गेली, नवरा परत मिळाला. आम्ही दगड जागेवर न्यायला वाकलो. आणि तेव्हा आलिन, ज्याला कधी काय बोलावं हे आयुष्यात समजलं नाही, डोकं खाजवत म्हणाला, "पन आई... रांजनावर खडूनं नावं लिवली व्हती ना, ती पावसात धुतली व्हती."

"म्हंजे?"

"ट्रॉलीतनं उतरवताना दोन रांजन रायले व्हते. मी आनि आपाव. दोन्ही येकाच भट्टीचं. मला वाटलं ह्योच आसंल आपला."

"का वाटलं?"

"त्यो माज्या हाताशी व्हता."

काकूनं आधी पोराकडे बघितलं, मग फरशीकडे. तिच्या तोंडावरचं पाणी पळालं होतं. मला वाटतं आपल्या माणसाचा समजून अंधारात धरलेला हात दुसऱ्याच कुणाचा निघावा, तसं तिचं झालं असेल.

"उगड," ती म्हणाली.

हाडांना आभाळ दाखवायचं नसतं. लीचुननं छत्री उघडून धरली. कोंबड्याचं रक्त कागदावर शिंपडून, माफी मागून, आलिननं फरशी सरकवली आणि रांजणाचं झाकण वर केलं. वर डोकं होतंच, नीट बसलेलं, आमच्याकडे तोंड करून.

समोरचे सगळे दात जागच्या जागी होते. स्वच्छ, बारीक, एका ओळीत. फक्त वरच्या दातात मधोमध एक छोटीशी खाच.

चुंग गुडघ्यावर बसला. त्यानं डावं बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"बिया फोडायची खाच," तो म्हणाला. "दिवसभर कलिंगडाच्या बिया फोडायची. हितनंच. मी म्हनायचो, आगं दात झिजला. तर म्हनायची, तुज्याशी बोलन्यापरीस बरं." आणि तो हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या नाकातून पाणी आलं.

काकूनं खाली उतरून स्वतःच काट्यांत विळा घातला. मग आम्हीही गेलो. रान एवढं माजलेलं की हात रक्ताळले. बांध खचून रांजण तिरका झालेला, झाकणावर शेवाळ. छत्री परत उघडली. झाकण वर झालं. समोरच्या दोन दातांच्या जागी भोक.

"हां," पैलवान म्हणाला, "म्हशीचं काम."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा दहा पावलांवर काट्यात पडला होता. आलिन बापापुढे डोकं टेकवून रडायला लागला. काकूनं त्याला रडू दिलं नाही. "गवत काड," ती म्हणाली. "रडायला येळ हाय, हात चालव." आम्ही कापलं, उपसलं, रांजण सरळ केला, बांध नवा घातला. वरून चुंग आला, तोही माती टाकू लागला. मला तर दगड परत खांद्यावर घ्यावा लागला, दहा पावलं उतारावर, आणि उतारावर भार पुढच्यांवर येतो म्हणून मी हट्टानं मागेच राहिलो होतो. पण मधेच आलिन घसरला आणि सगळा भार माझ्यावर आला.

घाम पुसत चुंग काकूशेजारी टेकला.

"बाई," तो म्हणाला, "मी येवडी वर्सं आलो न्हाई. ती येकली हाय, गवतात हाय, आसं मला तिकडं वाटायचं. झोप लागायची न्हाई. तर तुमी तिला राखली."

"मला काय ठावं, ती हाय म्हनून?"

"तरी राखली न्हवं. आन तुमची सून सांगत व्हती, तुमी तिच्याशी बोलायच्या म्हनं. काय बोलायच्या?"

"समदं."

"मंग मला सांगा थोडं. तिला काय काय ठावं हाय ते. म्हंजे मी पुना तेच तेच सांगाय नगो."

काकूनं त्याच्याकडे नीट बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदा. "तुमची बायको लई गुनाची," ती म्हणाली. "येकदा मधी बोलली न्हाई. त्यो आसता तर निम्म्यातच उटून गेला आसता." मग म्हणाली, "येत्या सालाला मी वर बी येत जाईन. तिची सवय मोडायला नगो. दारू मातूर तुमी आना."

सिमेंट कालवून झालं होतं. दगड खाचेत उभा होता, दोर सुटलेले, सोनेरी नाव आणि लाल नाव पावसात चमकत. आलिन थापी घेऊन ओणवा थांबला. मीही टाकी पुढे केली, न जाणो.

"आई, काय करू? नाव ठेवायचं का..."

काकूनं त्याला हातानं गप्प केलं. पिशवीतून थर्मास काढून चहा ओतला, बांबूच्या कोंबांचे कानवले मांडले आणि रांजणासमोर बसकण मारली. आम्ही चार पावलं मागे सरलो. तिला वाटलं असेल आम्हाला ऐकू येत नाही, पण काकूचा आवाज काय आहे हे आमच्या म्हशींनाही माहीत आहे.

"आवं," ती म्हणाली, "आता समदं पयल्यापासनं सांगू व्हय?" मग ती थांबली. मागे वळून तिनं वरच्या थडग्याकडे बघितलं, मधली दहा पावलं बघितली आणि तिचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. "म्हंजे तुमी हितंच व्हता! दर वर्साला मी तितं वरडून वरडून सांगत व्हते, रडत व्हते, आनि तुमी हितं काट्यात बसून आयतं ऐकत व्हता! येकदा खोकायला काय झालं व्हतं तुमास्नी?"

तिनं पदरासारखा सदऱ्याचा खालचा काठ डोळ्यांना लावला. बराच वेळ लावला. लीचुन पुढे जाणार होती, मी तिला थांबवलं. मग काकू उठली, गुडघा धरत, आणि दगडाच्या पायाशी हात ठेवून बघितलं, हलतो का.

"लाव रं सिमेट," ती पोराला म्हणाली. "चांगलं घट्ट लाव. पुना कुटं जायाला नगो."